करदोडा तोडणारी मडम

एलनबाई या परदेशी बाईंची आणि माझी ओळख माझ्या वडिलांच्या बैलगाडीमुळे झाली. माझे वडील गहिनीनाथ हे शेती करीत आणि हंगाम नसेल तेव्हा गाडी भाड्याने हाकीत. मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या तापाची, साथ येऊन गेली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ते नगरला कापूस पोहोचवून परत निघाले होते. तेथील मिशनच्या लोकांनी त्यांना थांबवून सांगितले की, एक बाई आणि दोन पेट्या तुमच्या गावापर्यंत न्यायच्या आहेत. गाडी रिकामी जाऊ नये म्हणून वडिलांनी होकार दिला. गाडी रिकामी आली असती तर बरे झाले असते, असे माझी आई मरेपर्यंत म्हणत असे.

मी त्या बाईंची स्तुती लिहिण्यास बसलेले नाही. त्यांनी आमच्या गावाचे एक मोठे नुकसान केले व ते नंतर स्वतःच्या हाताने भरून दिले. दोन्ही गोष्टी मी पाहिल्या आहेत. म्हणून दोन्ही लिहीत आहे.

आमचे गाव लिंबागणेशपासून दोन कोसांवर आहे. त्या काळी आमच्यावर निजामाचे राज्य होते. मानमोडीत एकेका घरातून तीन तीन माणसे गेली. जी पोरे उरली, ती शेजाऱ्यांच्या ओसरीवर बसून राहत. शेजाऱ्यांच्या घरातही तेच झालेले असल्यामुळे त्यांना कोणी आत घेत नसे. तेव्हा एका परदेशी मिशनने वेशीबाहेरची जुनी सराई भाड्याने घेतली आणि तेथे अशा मुलांना ठेवले. त्रिंबक मास्तर नावाचे ख्रिस्ती गृहस्थ आपल्या पत्नीसह त्यांचा सांभाळ करीत. ते आमच्याच भागातले होते. गावातील लोक त्यांच्याशी लांबूनच बोलत, परंतु बोलत असत.

एलनबाई या स्कॉटलंड नावाच्या थंड मुलखातून आल्या होत्या. तेथे त्या कपडे धुण्याच्या कारखान्यात काम करीत. त्या मिशनच्या पगारी नोकर नव्हत्या. आपल्या कमाईतून साठवलेल्या पैशांनी आगबोटीचे भाडे भरून त्या आल्या होत्या आणि सराईत त्यांना फक्त दोन वेळचे जेवण मिळत असे. याचे कारण त्रिंबक मास्तरांनी चावडीवर सांगितले. जो माझ्या नावाने एका लेकराला जवळ घेतो, तो मलाच जवळ घेतो, असे त्यांच्या प्रभूचे वचन आहे आणि ते बाईंनी मनावर घेतले आहे.

गावाचा यावर विश्वास बसला नाही. पगाराशिवाय कोणी समुद्र ओलांडत नाही, असे सर्वांचे मत पडले. कोणी म्हणे, ही इंग्रजांची हेर आहे. कोणी म्हणे, मोजून पोरे बाटवायची आणि मोजूनच पुण्य घ्यायचे, असा त्यांच्यात कायदा आहे. केशरबाई नावाची एक विधवा होती. तिच्या तोंडाला सारा गाव भीत असे. ती पाणवठ्यावर म्हणाली, "नवऱ्यानं टाकली असंल. न्हाई तर घरची भाकर सोडून दुसऱ्याची पोरं धुवायला कोण येतंय एवढ्या लांब?"

एलनबाईंचे वागणेही गोड नव्हते, हे मला लिहिलेच पाहिजे. त्यांनी मराठी शिकण्यास सुरुवात केली, तेव्हा त्या सर्वांना तू म्हणत. विठ्ठलराव पाटलांनाही त्या तू म्हणाल्या. मुलांना भेटण्यास नातेवाईक आले, तर त्या त्यांना दारातच उभे करीत आणि हात धुण्यास लावीत. कोणाचा स्पर्श झाला, तर उग्र वासाच्या साबणाने स्वतः हात धूत. इकडे आमच्या बायका त्यांची सावली पडली तरी घरी जाऊन डोक्यावरून पाणी घेत. दोन्हीकडे एकमेकांचा विटाळ होता आणि दोन्हीकडे आपणच शुद्ध आहोत अशी खात्री होती.

मी तेव्हा दहा वर्षांची होते. आमच्या घरून सराईत दूध जात असे. ते पोहोचविण्याचे काम माझे होते, त्यामुळे पुढील प्रसंग मी प्रत्यक्ष पाहिला.

एलनबाई येऊन थोडे दिवस झाले होते. त्रिंबक मास्तर तहसिलीच्या कामासाठी बीडला गेले होते आणि त्यांची पत्नी तापाने अंथरुणावर होती. बाईंनी अंगणात चूल पेटवून मोठ्या हंड्यात पाणी तापविले आणि सर्व मुलांना ओळीने उभे केले. मुलांच्या अंगावर खरूज होती व कमरेच्या करदोड्याखाली ती जास्त चिघळली होती. करदोडा म्हणजे कमरेचा काळा दोरा. त्यात लंगोटी अडकवतात. आमच्याकडे मुलगा जन्मला की त्याची आत्या तो बांधते. जुना झाला तर आधी नवा बांधतात आणि मगच जुना काढतात. कंबर एक क्षणभरही मोकळी ठेवीत नाहीत. पुरुषाचा करदोडा एकदाच तोडतात, तो म्हणजे सरणावर ठेवण्यापूर्वी.

बाईंना यातील काहीही ठाऊक नव्हते. त्यांनी कात्री घेतली आणि ओळीतल्या प्रत्येक मुलाचा करदोडा कापून चुलीत टाकला. लहान मुलांना समजले नाही. मोठी मुले दोन्ही हातांनी कंबर झाकून मागे सरू लागली. बाईंना वाटले, मुलांना नागडे होण्याची लाज वाटते आहे. त्या हसल्या आणि त्यांनी एकेकाचा हात धरून पुढे ओढले. नंतर त्यांनी सर्वांना स्वच्छ धुतले, खरजेवर मलम लावले आणि नाडीच्या नव्या चड्ड्या दिल्या. काम त्यांनी मनापासून केले. मी दुधाचे भांडे तेथेच ठेवून घरी पळाले आणि आईला सांगितले. ती म्हणाली, "जित्या पोरांचे? सगळ्यांचे?"

दिवस मावळण्याच्या आत ही गोष्ट गावात पसरली. दुसऱ्या दिवसापासून सराईचे सर्व बंद झाले. रुद्रप्पा वाण्याने ज्वारी देण्याचे नाकारले. न्हावी जाईनासा झाला. गावच्या विहिरीवरून पाणी मिळेना, म्हणून मास्तर ओढ्यात झिरे खणून पाणी भरू लागले. सराईच्या दारावर शेण फेकले गेले. आमच्या घरचे दूध वडिलांनी बंद केले नाही, त्यामुळे आमच्याही घरी हळदीकुंकवाला बोलावणे येईनासे झाले. याबद्दल आई वडिलांशी रोज भांडत असे. तशात सराईतले सर्वांत लहान मूल तापाने गेले. तेव्हा गाव म्हणाले, पाहा, करदोडा तुटला तो मेला, हे एकाचे खरे ठरले.

आता मी मुख्य गोष्टीकडे येते. त्या मुलांत बद्रीनाथ नावाचा आठ वर्षांचा मुलगा होता. त्याचे वडील आणि माझे वडील यांची सावड होती, म्हणजे एकमेकांचे बैल जोडून ते दोघांची शेते नांगरीत. मानमोडीत बद्रीचे आईवडील दोघेही गेले. चुलता राधाकिशन तेव्हा स्वतः अंथरुणावर होता. म्हणून माझ्या वडिलांनीच बद्रीला सराईत नेऊन ठेवले आणि राधाकिशनला शब्द दिला की, तू बरा झालास की पोराला घरी आणू. राधाकिशन बरा झाला. भावाचे शेतही त्याने पेरले. सुगी झाल्यावर पुतण्याला आणीन, असे तो सांगत असे.

करदोडे तुटल्यावर त्याचे बोलणे बदलले. माझे वडील त्याच्याकडे गेले, तेव्हा तो म्हणाला, "कुणाला आणू? ज्याचा करदोडा तुटला, तो मेला. मेलेल्याला घरात घेत न्हाईत, गहिनीनाथ. तुमीच नेऊन घातला न्हवं त्याला?"

वडिलांनी त्याला विचारले की, मग त्याच्या बापाचे शेत कोणाचे? राधाकिशन बैलांना वैरण टाकण्यास उठला. उत्तर देण्याची त्याला गरजच नव्हती. भावकी त्याच्या बाजूने होती, कारण त्याचे म्हणणे रीतीला धरून दिसत होते. परक्याच्या हातचे खाल्ले, तर त्याला गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, स्नानाचे प्रायश्चित्त होते. परंतु जिवंत माणसाचा करदोडा आजवर कोणी तोडलाच नव्हता, त्यामुळे त्यावर काय करावे, हे कोणालाच सांगता येत नव्हते. म्हणजे एका कात्रीमुळे त्या मुलाचे घर व शेत दोन्ही जाणार, हे उघड झाले.

माझे वडील सराईत गेले. मी दूध घेऊन त्यांच्या मागे होते. त्यांनी त्रिंबक मास्तरांमार्फत बाईंना सर्व समजावून सांगितले आणि विनंती केली की, तुम्ही चावडीवर येऊन चूक कबूल करा आणि करदोडा पुन्हा बांधू द्या. एलनबाईंचा चेहरा लाल झाला. त्या म्हणाल्या की, मुलगा डोळ्यांसमोर चालतो-बोलतो, त्याला मेला म्हणणारे लोक दुष्ट आहेत. मी सैतानाच्या गाठी सोडविण्यास आले आहे, बांधण्यास आलेले नाही. बांधला तर मी माझ्या प्रभूला नाकारल्यासारखे होईल.

वडिलांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "मडमबाई, तुमचा देव एका दोऱ्याला भितो व्हय?"

हे भाषांतर करण्यास मास्तर धजेनात. वडिलांनी दुसऱ्यांदा सांगितल्यावर त्यांनी खालच्या आवाजात ते सांगितले. बाईंनी दाराकडे बोट दाखविले. आम्ही बाहेर पडलो, तेव्हा त्यांनी आमच्या पाठीमागे दार इतक्या जोराने लावले की, वरची माती पडली. मास्तर ख्रिस्ती होते, तरी त्यांनाही आमचे म्हणणे समजत होते. परंतु त्यांची भाकरी मिशनची असल्यामुळे ते काही बोलले नाहीत.

हे प्रकरण तेथेच संपले असते, परंतु बद्रीने ते संपू दिले नाही. चुलत्याचे बोलणे कोणीतरी त्याच्या कानावर घातले होते. तो चटईवर पडून राहू लागला. जेवणाच्या वेळी मास्तर मुलांची नावे घेत व मुले हजर म्हणत. बद्रीचे नाव आले की तो भिंतीकडे तोंड करून म्हणे, "बद्री मेला." मास्तरांना पहिल्या दिवशी तो खोडसाळपणा वाटला. नंतर त्याने भाकरीला हात लावणे सोडले. एलनबाईंनी त्याला मांडीवर घेऊन दूध पाजण्याचा प्रयत्न केला. त्याने ओठ मिटून घेतले. त्या रागावल्या, नंतर त्यांनी प्रार्थना केली, नंतर पुन्हा रागावल्या. मी दूध घेऊन जाई, तेव्हा तो मुलगा आदल्या दिवसापेक्षा वाळलेला दिसत असे. एकदा बाईंनी माझ्यासमोरच मास्तरांना त्याच्या बोलण्याचा अर्थ पुन्हा विचारला. मास्तरांनी सांगितला. बाई पुष्कळ वेळ त्या मुलाच्या मोकळ्या कमरेकडे पाहत बसल्या.

त्यानंतर त्या आमच्या घरी आल्या. आईने त्यांना उंबऱ्याच्या आत येऊ दिले नाही. त्या उन्हात अंगणात उभ्या राहिल्या आणि वडिलांना म्हणाल्या की, मी बांधते. परंतु तुमच्या देवासमोर बांधणार नाही आणि तुमच्या देवाचे नाव घेणार नाही. वडील म्हणाले, "नाव कुणाचंबी घ्या. गाठ पक्की मारा."

चावडीवर पंच बसले. पाटील मध्ये होते, राधाकिशन एका खांबाला टेकून होता. बायका बाहेर लिंबाखाली उभ्या होत्या. एलनबाई बद्रीला कडेवर घेऊन आल्या. आठ वर्षांचा मुलगा, परंतु त्याला चालवत नव्हते. त्या पायातल्या बुटांसह पायरी चढू लागल्या, तेव्हा पंचांनी ओरडून त्यांना अडविले. त्यांनी बूट काढले नाहीत. त्या पायरीखालीच उभ्या राहिल्या. म्हणून पंचांनाच उठून पुढे यावे लागले व त्याचाही सर्वांना राग आला.

राधाकिशन म्हणाला, "बांधून काय व्हतंय? करदोडा आत्यानं बांधावा अशी रीत हाय. ही काय त्याची आत्या हाय का?"

बद्रीची आत्या म्हणजे केशरबाईच. राधाकिशनची ती सख्खी बहीण होती आणि त्याच्याच घरी राहत असे. सर्वांनी मागे वळून तिच्याकडे पाहिले. राधाकिशनला वाटले की, बहीण आपल्या बाजूने बोलेल. केशरबाई पुढे आली. तिने आधी एलनबाईंना पायापासून डोक्यापर्यंत पाहिले आणि म्हणाली, "ह्या पांढऱ्या पालीचं थोबाडबी मला बघू वाटत न्हाई." मग ती पंचांकडे वळली. "पर पयला दोरा म्या बांधला व्हता. म्या बांधला तो हिनं तोडला. म्या का म्हून दुसरा बांधू? ज्या हातानं तोडला त्या हातानं बांधावा. हिचं पाप हिनं निस्तरावं."

अशी रीत पूर्वी कोठे होती का, हे मला ठाऊक नाही. ती केशरबाईने तेथेच उभ्याउभ्या सांगितली आणि पंचांना दुसरे काही सुचत नसल्यामुळे त्यांनी ती मान्य केली.

काळा दोरा पुढे करण्यात आला. एलनबाईंनी तो घेतला नाही. त्यांनी आपल्या खिशातून एक दोरा काढला. तो त्यांनी स्वतः कापसापासून पिळला होता आणि दिव्याच्या काजळीने काळा केला होता. त्यांची बोटेही काळी झाली होती. त्या खाली गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी बद्रीच्या कमरेला तो बांधला. धुण्याच्या गाठोड्यांना मारतात, तशी गाठ त्यांनी मारली. गाठ मारताना त्या आपल्या भाषेत मोठ्याने प्रार्थना करीत होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते, परंतु ते दयेचे नव्हते असे मला वाटते. आपल्याला हरविले, असे त्यांना वाटत असावे.

राधाकिशन ओरडला की, तिने मंत्र टाकला आहे.

केशरबाई म्हणाली, "मंतर तर मंतर. पोरगं तुझ्या भावाचंच हाय. तुला मंतराचं भ्या वाटतंय का शेताचं?"

लिंबाखालच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. पाटलांनी निर्णय दिला की, मुलगा जिवंत आहे, राधाकिशनने त्याला घरी न्यावे, गंगेवर नेऊन स्नान घालावे, आणि भावाचे शेत त्याच्या नावाने सांभाळावे. बद्रीने कमरेला हात लावून दोरा चाचपला. मग तो केशरबाईच्या पदराला धरून उभा राहिला. त्याने एलनबाईंकडे वळून पाहिले नाही. त्यांनी हाक मारली, तरी पाहिले नाही.

यानंतर गाव व एलनबाई यांच्यात प्रेम निर्माण झाले, असे कोणी समजू नये. वाण्याने ज्वारी देण्यास सुरुवात केली, परंतु भाव वाढवून दिली. नगरहून मिशनचे मोठे साहेब घोड्यावर आले. बाईंनी मूर्तिपूजकांच्या पंचायतीपुढे गुडघे टेकले, म्हणून त्यांनी बाईंना सर्व मुलांदेखत बोल लावला. बाईंनीही त्यांना उलट उत्तर दिले. पगार नसल्यामुळे त्यांना काढून टाकता येत नव्हते, इतकेच. उरलेल्या मुलांच्या कमरेला पुढे मास्तरांच्या पत्नीने दोरे बांधले. बाईंनी ते पाहिले न पाहिल्यासारखे केले. गळ्यातले ताईत मात्र त्या शेवटपर्यंत काढून टाकीत राहिल्या आणि त्यावरून भांडणे होतच राहिली.

त्या आमच्या गावात नऊ वर्षे राहिल्या. आपल्या मुलखात एकदाही परत गेल्या नाहीत. पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, साथीत सराईतील मुलांची सेवा करताना त्यांनाही पटकी झाली आणि त्या गेल्या. सराईच्या मागे मास्तरांनी खड्डा खणला. गावातून मातीला माझे वडील एकटे गेले. परत आल्यावर आईने त्यांना अंगणातच अंघोळ घातली. केशरबाईला ही बातमी कळली, तेव्हा ती म्हणाली, "गेली व्हय? लई भांडकुदळ व्हती." आणि दळण तसेच टाकून ती पुष्कळ वेळ जात्यापाशी बसून राहिली.

बद्रीनाथ मोठा झाला, त्याने आपले शेत केले, त्याला मुले-नातवंडे झाली. करदोडा कोणी बांधला, हे तो कोणाला सांगत नसे.

बद्री घरी गेला त्या पंधरवड्यातली एक गोष्ट सांगावयाची राहिली आहे. राधाकिशनने एलनबाईंना आपल्या गल्लीत पाय ठेवण्यास मनाई केली होती. एकदा त्या वेशीतून आत आल्या, तेव्हा त्याच्या पोरांनी त्यांच्यावर ढेकळे फेकली. त्यानंतर एका सकाळी वडील लिंबागणेशच्या बाजारासाठी बैल जुंपत होते आणि मी गाडीत बसले होते. एलनबाई आल्या आणि गाडीच्या चाकावर हात ठेवून उभ्या राहिल्या. आईने घरातून त्यांना पाहिले आणि दार लावून घेतले. मास्तर बरोबर नव्हते. बाईंनी आपल्या मोडक्या मराठीत, एकेक शब्द आठवून, वडिलांना सांगितले,

"गहिनीनाथ, तू बाजाराला जातोस. गाडी राधाकिशनच्या शेतावरून ने. बद्री दिसला, तर त्याला विचार, तू आज जेवला का. मग मला येऊन सांग."